ताजमहाल बघायला जाताय? लपक्यांच्या तावडीत न सापडता आग्रा फिरण्याची पद्धत

आग्र्यात पर्यटकांच्या मागे लागणाऱ्यांना लपके म्हणतात. स्टेशनच्या दारापासून ताजच्या सुरक्षा तपासणीपर्यंत ते भेटत राहतात. कुणी गाइड म्हणून, कुणी रिक्षावाला म्हणून, तर कुणी नुसता रस्ता सांगायला आलेला म्हणून. बहुतेकांचा धंदा कमिशनवर चालतो. तुम्हाला संगमरवराच्या, चामड्याच्या किंवा पेठ्याच्या दुकानात नेऊन पोचवलं की खरेदीतला वाटा त्यांना मिळतो, आणि तो वाटा तुमच्याच बिलातून वसूल होतो. म्हणून तर दहा-वीस रुपयांत रिक्षा आणि फुकटात सामान ठेवायची सोय मिळते.

हा सगळा धंदा तुम्हाला नसलेल्या माहितीवर उभा आहे. कुठल्या गेटने जायचं, तिकीट किती, बॅग कुठे ठेवायची, गाडी कुठपर्यंत जाते, परत कसं यायचं, एवढी उत्तरं हॉटेलातून निघण्याआधी तुमच्याकडे असली तर लपक्याकडे विकायला काही उरत नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. दिवस आणि वेळ

ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. बाकी सहा दिवस तो सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण ‘आज ताज बंद है, मंत्रीजी आए हैं’ हे वाक्य आठवड्यातल्या कुठल्याही वारी ऐकू येऊ शकतं. लगेच पुढचं वाक्य येतं, ‘तब तक फॅक्टरी दिखा देता हूँ’. शुक्रवार नसेल तर थेट गेटवर जाऊन खात्री करा, वाटेत कुणाच्या शब्दावर गाडी वळवू नका.

जमल्यास उघडतानाच पोचा. त्या वेळी रांग छोटी असते, ऊन नसतं आणि लपकेही कमी असतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे इतकं धुकं असतं की समोर उभं राहूनही घुमट दिसत नाही. त्या दिवसांत नऊ-दहाच्या सुमाराला जाणं शहाणपणाचं. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

पौर्णिमा, तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस रात्रीही दर्शन असतं, शुक्रवार आणि रमजानचा महिना सोडून. त्याचं तिकीट वेगळं आहे, ते आगाऊ काढावं लागतं आणि पन्नास-पन्नासच्या गटाने अर्धा तास ठरावीक अंतरावरूनच ताज बघायला मिळतो. ऐन वेळी रस्त्यावर ‘रात का टिकट’ विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

२. तिकीट घरूनच काढा

भारतीय नागरिकांसाठी सध्या प्रवेश ५० रुपये आहे. चौथऱ्यावर चढून मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर २०० रुपये जादा, म्हणजे एकूण २५०. हे २०० रुपये ऐच्छिक आहेत, पण इतक्या लांब जाऊन पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड जडवून केलेली नक्षी, जवळून न बघता परत येण्यात अर्थ नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यांचा वयाचा पुरावा जवळ ठेवा. एक तिकीट तीन तास चालतं.

तिकीट ऑनलाइन काढायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा ताजमहालाच्या अधिकृत संकेतस्थळावर जा आणि तिथल्याच दुव्यावरून पुढे सरका. शोधयंत्रात नुसतं ‘ताज तिकीट’ टाकलं की खासगी दलालांची पानंही वर येतात. ती ‘रांग न लावता प्रवेश’ वगैरे नाव देऊन बरेच जास्त पैसे घेतात. सुरक्षा तपासणीची रांग कुठलंही तिकीट चुकवू शकत नाही. तिकीट काढताना मकबऱ्याचा पर्याय निवडला आहे का, हे पैसे भरण्याआधी पुन्हा बघा. तो राहून गेला तर चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी अडवतात. तिकीट मिळाल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण गेटच्या गर्दीत नेट दगा देतं.

३. सोबत काय घ्यायचं

जवळ ठेवा:
– आधार किंवा दुसरं मूळ ओळखपत्र, प्रत्येक मोठ्या माणसाचं
– तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि शक्यतो एक कागदी प्रत
– पाण्याची बाटली, मोबाइल, कॅमेरा, छोटी पर्स
– दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा, वेगळ्या खिशात
– गुंडाळून ठेवता येतील अशा चपला किंवा बुटांवर घालायची पातळ आवरणं

हॉटेलवर ठेवून या: खाण्याचे पदार्थ (चॉकलेट-गोळ्यासुद्धा), तंबाखू, सिगारेट, काडेपेटी, लायटर, चाकू-कात्री, चार्जर आणि वायरी, हेडफोन, ट्रायपॉड, जाडजूड पुस्तकं, मोठी बॅग. ड्रोनचा विचारही करू नका.

ही यादी कंटाळवाणी वाटते, पण गेटवरचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पर्सच्या कप्प्यात विसरलेला चार्जर यंत्रात दिसला की तुम्हाला रांगेतून बाहेर काढतात. सामान अमानती घरात ठेवून यायला सांगतात आणि परत रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागतं. नेमक्या त्या वैतागाच्या क्षणी कुणीतरी म्हणतं, ‘मेरी दुकान में रख दीजिए, फ्री है’. सामान त्याच्याकडे ठेवलंत की परत येताना दुकानात शिरणं भागच पडतं. बॅग असेलच तर गेटजवळच्या अधिकृत लॉकरमध्ये ठेवा आणि पावती घ्या.

४. स्टेशनवरून ताजपर्यंत

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक गाड्या आग्रा कँटला थांबतात. पंजाब मेलने निघालात तर वाटेत बुऱ्हाणपूर लागतं. मुमताज १६३१ साली तिथेच वारली आणि तिचं पहिलं दफनही तिथेच झालं. खिडकीतून ते स्टेशन बघायला विसरू नका. दिल्लीहून जाणार असाल तर निजामुद्दीनवरून सुटणारी गतिमान एक्सप्रेस सोयीची. तीही शुक्रवारी नसते.

आग्रा कँटच्या बाहेर प्रीपेड रिक्षा-टॅक्सीचं काउंटर आहे. फलाटावरच बॅगेला हात घालणाऱ्यांना ओलांडून तिथे जा किंवा मोबाइलवरून गाडी मागवा. प्रीपेडची चिठ्ठी उतरल्यावरच चालकाला द्या, आधी मागितली तरी देऊ नका. चिठ्ठी हातात आहे तोवर तो तुम्हाला मधल्या दुकानापाशी उतरवू शकत नाही. चालकाला ‘ताज जाना है’ एवढंच सांगून भागत नाही. ‘पश्चिमी गेट, अमरूद का टीला पार्किंग’ किंवा ‘पूर्वी गेट, शिल्पग्राम पार्किंग’ असं नेमकं सांगा.

मेट्रोने जाताना एक गल्लत हमखास होते. ‘ताज ईस्ट गेट’ नावाचं स्टेशन ताजच्या पूर्व दरवाज्यापासून बरंच लांब आहे. तिथे उतरलात की पुन्हा रिक्षा आली. पुरानी मंडीजवळचं ‘ताजमहाल’ नावाचं स्टेशन पश्चिम गेटला त्यामानाने जवळ पडतं.

५. दिवसभरासाठी गाडी ठरवताना

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी लोक सावध असतात. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात दिवसभराची गाडी मिळत असेल तर राहिलेला पैसा दुकानांच्या कमिशनमधून निघणार आहे. गाडी ठरवतानाच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: ‘ताज, किल्ला, मेहताबबाग. किसी दुकान, शोरूम या फॅक्टरी पर नहीं रुकना है.’ समोरून ‘ठीक है’ असं लेखी आलं तरच आगाऊ रक्कम द्या, तीही थोडी. उरलेली शेवटच्या ठिकाणी उतरल्यावर.

तरीही वाटेत गाडी थांबलीच आणि ‘बस पाँच मिनट, खरीदना ज़रूरी नहीं, मुझे कूपन मिल जाएगा’ असं ऐकू आलं, तर गाडीतून उतरू नका. बसल्या जागेवरून ‘आगे चलिए’ म्हणा. एकदा पाय खाली ठेवलात की चहा येतो, खुर्ची येते, आणि पाच मिनिटांचा पाऊण तास होतो. चालकाशी भांडायची गरज नाही. तुम्ही उतरत नाही म्हटल्यावर तो मिनिटभरात गाडी सुरू करतो, कारण त्याचाही वेळ जात असतो.

६. पार्किंगपासून गेटपर्यंत

ताजच्या भोवती ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सोडत नाहीत. पार्किंगपासून पुढे बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जायचं. शिल्पग्रामपासून पूर्व गेट साधारण पाऊण ते एक किलोमीटर, म्हणजे आरामात दहा-पंधरा मिनिटं. ‘पैदल जाना मना है’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. घरातले वयस्कर लोक असतील तर बॅटरीची गाडी जरूर घ्या, पण आधी ती माणशी आहे की पूर्ण गाडीची, एकेरी आहे की परतीसकट, हे विचारून. उतरल्यावर वाद होतो तो याच दोन गोष्टींवरून.

ताजगंजच्या बाजूचं दक्षिण गेट २०१८ पासून आत जाण्यासाठी बंद आहे. प्रवेश पूर्व किंवा पश्चिम गेटनेच होतो. तुम्ही योग्य गेटकडे चालत असताना ‘ये गेट बंद है, उधर से जाइए’ म्हणणारा भेटला तर चालत राहा. पुढे गणवेशातला जवान दिसेलच, त्याला विचारा. आतली सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे.

या टप्प्यावर कसं वागायचं, ते नीट समजून घ्या.

एकदाच ‘नहीं चाहिए’ म्हणा, चालता चालता, आवाज न चढवता. त्यानंतर गप्प. दुसऱ्यांदा नकार दिलात की संभाषण सुरू झालं असं तो धरतो. ‘कहाँ से हो?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण ‘पुणे’ म्हटलंत की पुण्याच्या गप्पा निघतात, आणि गप्पा मारलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. आपल्याकडे हा संकोच जास्तच असतो, आणि त्यांना तो चांगला ठाऊक आहे.

‘बाद में’, ‘आते समय देखेंगे’ हे शब्द कधीही उच्चारू नका. आपल्या लेखी तो सौम्य नकार असतो, त्याच्या लेखी ते वचन. दोन-तीन तासांनी तुम्ही थकून बाहेर पडता तेव्हा तो बरोबर समोर उभा असतो, ‘आपने बोला था, मैं तब से इंतज़ार कर रहा हूँ’.

हातात काही घेऊ नका. किल्ल्यांचा छल्ला, छोटा ताज, संगमरवरी हत्ती थेट तळहातावर ठेवले जातात, विशेषतः मुलांच्या. हात मागे घ्या, मुलांनाही आधी सांगून ठेवा. घेतलंच असेल तर त्याच्या टोपलीत परत ठेवा, जमिनीवर नाही, नाहीतर ‘टूट गया’चा वाद उभा राहतो. पाचशेपासून सुरू झालेला भाव दहा पावलांत शंभरावर येतो. भाव घसरतोय म्हणून मोह होतो, पण विचारा स्वतःला की ती वस्तू हवी होती का.

घरातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी नाही. चौघं चार उत्तरं देतात तेव्हा लपका सगळ्यात भिडस्त माणूस शोधून त्याच्याच बाजूने चालू लागतो.

आणि शिवी नको, धक्का नको. त्यांच्यातली बरीचशी ताजगंजची तरुण मुलं आहेत, दिवसाच्या कमाईवर घर चालवणारी. शिवाय भांडणाला तिथे लगेच पाच साथीदार जमतात.

७. गाइड आणि फोटोग्राफर

चांगला गाइड मिळाला तर ताज दुप्पट कळतो, त्यामुळे सगळ्यांनाच झटकून टाकू नका. खऱ्या गाइडकडे पर्यटन खात्याचा किंवा पुरातत्त्व खात्याचा फोटोसह परवाना असतो. तो गळ्यात नुसता अडकवलेला बघून समाधान मानू नका. हातात घेऊन फोटो, नाव आणि मुदत वाचा. परवानाधारक माणूस कुरकुर न करता दाखवतो. टाळाटाळ झाली की पुढे चला.

मग तीन गोष्टी बोलून घ्या: एकूण पैसे किती (माणशी नव्हे, पूर्ण गटाचे), किती वेळ, आणि आत मकबऱ्यापर्यंत तो स्वतः येणार का. पुष्कळदा बोलणी एक जण करतो आणि आत दुसराच येतो, आणि त्याच्याकडे परवाना नसतो. ‘दौऱ्यानंतर दुकान नाही’ हेही तेव्हाच सांगून टाका.

कारागिरांचे हात तोडले, नदीपलीकडे काळा ताज बांधायला घेतला होता, या गोष्टी रंगवून सांगणारा गाइड फारसा कामाचा नाही. हात तोडल्याचा पुरावा नाही. नदीपलीकडच्या मेहताबबागेत उत्खनन झालं तेव्हा बाग आणि हौद सापडले, काळ्या ताजचा पाया नाही.

आतल्या फोटोग्राफरांनाही परवाना असतो आणि छापील दर ठरलेले असतात. अडचण संख्येची होते. तुम्ही पाच फोटो सांगता, तो चाळीस काढतो, आणि बाहेर आल्यावर सगळे छापून तयार असतात. सुरुवातीलाच ‘इतनेही, इस साइज़ के, इतने पैसे’ असं ठरवा आणि ठरलेल्याहून जास्त प्रिंट घेणार नाही हे तेव्हाच सांगा.

८. आत गेल्यावर

मकबऱ्यात फोटो काढायला बंदी आहे. दारापाशी पादत्राणं काढावी लागतात किंवा आवरणं घालावी लागतात. स्वतःची असली की बाहेर चढ्या भावाने घ्यायला नकोत.

आत कुणी टॉर्च लावून लाल अकीक कसा आतून पेटल्यासारखा दिसतो ते दाखवतं. दिसतं ते खरंच सुंदर, पण त्यानंतर हात पुढे येतो. स्वतः जाळीपाशी उभं राहून एखादं फूल निरखा. एका पाकळीत रंगाच्या छटेप्रमाणे कापलेले किती तरी बारीक तुकडे जोडलेले दिसतील, आणि सांधा बोटाला लागत नाही हे नुसत्या नजरेलाही कळतं.

वर दिसतात त्या थडग्यांच्या प्रतिकृती आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत आणि ते फक्त शाहजहानच्या उरुसाच्या तीन दिवसांत उघडतात. एरवी ‘असली कबर दिखा दूँगा’ म्हणणारा फसवतो आहे.

९. संगमरवर घ्यायचाच असेल तर

पच्चीकारीची कला आग्र्यात आजही जिवंत आहे, आणि चांगली वस्तू घ्यावी असंच वाटतं. फक्त ती स्वतः शोधलेल्या दुकानातून घ्या, लपक्याने किंवा चालकाने नेलेल्या नव्हे.

नेहमीचा क्रम असा असतो. दारात एक कारागीर फिरत्या सहाणेवर दगडाची चिप घासत बसलेला असतो. ते बघून तुम्ही हरखून जाता. मग वर शोरूममध्ये नेतात, दिवे मालवतात, टेबलाखाली प्रकाश टाकून दगड उजळवून दाखवतात. खाली घासलं जाणारं काम अस्सल असतं. वर विकलं जाणारं तेच असेल असं नाही.

मकराण्याचा संगमरवर महाग आणि कठीण. त्याच्या जागी गोरारा नावाचा मऊ दगड सर्रास खपवला जातो. उजेड आरपार जातो एवढ्यावर विसंबू नका, मऊ अलाबास्टरमधूनही उजेड जातो. वस्तूच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, नाण्याच्या किंवा किल्लीच्या टोकाने ओढून बघायची परवानगी मागा. मऊ दगडावर लगेच पांढरी भुकटी निघते. परवानगी नाकारली तर उत्तर मिळालंच. नक्षीवरून नखाची कड फिरवा. जडवलेल्या दगडात नख अडकत नाही, रंगवलेल्या किंवा भरलेल्या लाखेत कडा जाणवतात.

मोठी वस्तू पार्सलने पाठवणार असतील तर तुम्ही निवडलेल्याच नगाच्या मागे स्वतःची सही करा, फोटो काढा आणि जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या. बिलावर दगडाचं नाव लिहून मागा. ‘मकराना मार्बल’ असं लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पेठ्याबाबत एकच: प्रसिद्ध नावाशी मिळत्याजुळत्या पाट्या शहरभर आहेत. हॉटेलवाल्याला विचारून मूळ दुकान शोधा आणि डब्यावरची तारीख बघून घ्या.

१०. कुणी फसवलं किंवा वाट अडवली तर

जीवाला धोका वाटला तर ११२. पर्यटन मंत्रालयाची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी १३६३. आग्र्यात पर्यटन पोलीस ठाणंही आहे. तक्रार करताना गाडीचा नंबर, प्रीपेडची चिठ्ठी, दुकानाचं बिल, पैसे दिल्याचा यूपीआयचा तपशील यांपैकी जे असेल ते दाखवा. यासाठीच रोखीऐवजी यूपीआय बरं. नुसतं ‘१३६३ को फोन करता हूँ’ म्हणून मोबाइल कानाला लावलात तरी बरेच जण बाजूला होतात.

११. त्याच दिवशी किल्ला

ताजपासून आग्र्याचा किल्ला अडीचेक किलोमीटरवर आहे आणि तो शुक्रवारीही उघडा असतो. पर्यटकांना प्रवेश फक्त अमरसिंग दरवाज्यातून. दिल्ली दरवाजा लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे नेऊन ‘इधर से घुसा दूँगा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तिकीट वेगळं काढावं लागतं.

मराठी बोलणं कानावर पडलं की इथे हमखास ‘महाराज की कोठरी’ दाखवायची तयारी होते. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते या किल्ल्यात, पण नंतर त्यांना नजरकैदेत ठेवलं ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीजवळच्या मुक्कामी. किल्ल्यातल्या कुठल्याही अंधाऱ्या खोलीसाठी जादा पैसे देऊ नका. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास मात्र सावकाश बघा, आणि मुसम्मन बुरुजाकडून यमुनेपलीकडे ताज दिसतो तिथे थांबा. शाहजहानने आयुष्याची शेवटची वर्षं मुलाच्या कैदेत याच भागात काढली. किल्ल्यासाठी दोन तास पुरतात. बाहेर पडल्यावर दरवाज्यासमोरच्या रिक्षावाल्यांशी घासाघीस करत बसण्याऐवजी शंभरेक पावलं पुढे चालून मग गाडी मागवा.